बारीक टायर लांब पल्ल्याला वेगवान? खुलासा

‘२३ मिमी रुंदीचे टायर घ्या, १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरा, सायकल सुसाट पळते’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. गुळगुळीत ट्रॅकवर ठीक, पण खडबडीत डांबरावर चूक. टणक टायर प्रत्येक खडीवर उसळतो, पायांची ताकद हादऱ्यांत जिरते आणि मनगटं बधिर होतात ती वेगळीच.

सामानासह लांब पल्ल्याला ३२ ते ३५ मिमी बरे. चालक ७५ किलो, सामान ८ किलो असेल तर ५० पीएसआयच्या आसपास सुरुवात करा. मागच्या चाकात चार-पाच जास्त. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली तर बहुधा हवा कमी होती, रिमखाली, म्हणजे चाकाच्या कडेखाली, ट्यूब चिमटली.

म्हणून सायकल घेताना वजनाआधी फ्रेम आणि टायरमधली जागा मोजा: दोन्ही बाजूंना किमान ४ मिमी हवी. रिम ब्रेकच्या (चाकाची कड दाबून थांबवणाऱ्या) बऱ्याच रोड बाइकमध्ये २८ मिमीच्या वरचा टायर बसतच नाही.