पंख्याचा दांडा आणि वैमानिकाचा उजवा पाय

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ पंखे रिवाइंड करून देणारं एक दुकान होतं. शाळेतून येताना मी तिथे रेंगाळायचो. छताच्या पंख्याची मोटर तयार झाली की कारागीर पाती न लावताच ती दांड्याला धरून उचलायचे आणि बटण दाबायचे. एकदा त्यांनी दांडा माझ्या हातात दिला. मोटरचं कवच एका बाजूला फिरू लागलं आणि त्याच क्षणी दांड्याने उलट बाजूला माझी मनगटं पिळली. मोटरने वेग घेतला तसा पीळ ओसरला.

विमानात हा पीळ ओसरत नाही. बडोद्याच्या हरणी विमानतळावरून उडणारी सरावाची छोटी विमानं पाहिली की मला तो दांडा आठवतो.

सेसना १५२ हे शिकाऊ वैमानिकांचं जगभर रुळलेलं विमान. दोनच माणसं बसतात, इंजिन ११० अश्वशक्तीचं, मिनिटाला जास्तीत जास्त २५५० फेरे. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर पुढचा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. इंजिन पंख्याला ज्या जोराने फिरवतं, तेवढ्याच जोराने पंखा इंजिनाला उलटं पिळतो. इंजिन सांगाड्याला बोल्टांनी आवळलेलं, त्यामुळे तो पीळ अख्ख्या विमानाला बसतो आणि डावा पंख खाली जाऊ पाहतो. यालाच वैमानिक टॉर्क म्हणतात.

दुकानातल्या मोटरला पाती नव्हती. वेगात आल्यावर तिला अडवणारं काही उरलं नाही, म्हणून दांडा शांत झाला. विमानाच्या पात्यांना हवा क्षणोक्षणी अडवत असते, म्हणून इंजिन जोर लावतंय तोवर पीळ राहतो. फेऱ्यांचा वेग अगदी स्थिर असला तरीही.

हा पीळ किती मोठा? शक्तीला फिरण्याच्या वेगाने भागलं की सेसना १५२ साठी उत्तर येतं सुमारे ३०० न्यूटन-मीटर. विमानाच्या मध्यापासून पंखाचं टोक साधारण पाच मीटर लांब. म्हणजे इंजिन पूर्ण जोरात असताना डाव्या पंखाच्या टोकाला सहा किलो बटाट्यांची पिशवी लटकवल्यासारखं झालं. हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मला आकडा फार लहान वाटला होता. पण ही पिशवी तोलायची कशाने, याचाही विचार करायला हवा.

तोलतात ते एलेरॉन, पंखांच्या मागच्या कडेला बसवलेल्या हलत्या झडपा. त्यांचा जोर हवेच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ताशी १८५ किलोमीटरने जाताना त्या झडपा जरा हलवल्या तरी पुरतं. उतरताना वेग ११० वर आलेला असतो, तेव्हा त्याच झडपांचा जोर जेमतेम एक तृतीयांश उरतो. अशा वेळी धावपट्टीवर काही आडवं आलं, उतरणं रद्द करून पुन्हा वर जायचं ठरलं आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, एकदम पुढे ढकलला, तर पीळ पुरा आणि उपाय दुबळा. टॉर्कबद्दल बोलताना सर्वांत आधी सांगायला हवं ते हेच, असं मला वाटतं. मोठ्या इंजिनाच्या विमानात तर हा धोका कितीतरी वाढतो.

धावपट्टीवर धावताना विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं, त्याचा सगळा दोष मात्र टॉर्कवर घालू नये. टॉर्क विमानाला कलंडवतो. त्यामुळे डाव्या चाकावर भार वाढून थोडं घर्षण वाढतं, इतकंच. खरी ओढ पंख्यामागच्या हवेची. ती मळसूत्रासारखी गिरक्या घेत मागे जाते आणि शेपटाच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे ढकललं जातं, नाक डावीकडे. नाक वर उचलल्यावर आणखी एक गोष्ट घडते. उजवीकडून खाली येणारं पातं हवेला जास्त कोनात कापतं, डावीकडून वर जाणारं कमी. पंख्याच्या उजव्या अर्ध्याचा जोर वाढतो आणि नाक पुन्हा डावीकडेच जातं. म्हणून उड्डाण शिकवणारे सारखं एकच सांगतात: उजवा रडर! रडर म्हणजे शेपटाच्या उभ्या पंखाची हलती झडप; ती उजवीकडे वळवायला उजव्या पायाने पेडल दाबायचं.

हा गुंता विमानाइतकाच जुना आहे. १९०३ मध्ये राइट बंधूंनी एका इंजिनावर दोन पंखे चालवले. त्यातली एक साखळी त्यांनी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवून घेतली, म्हणजे पंखे परस्परविरुद्ध फिरतील आणि पीळ आपसांत फिटेल. केवढी साधी आणि सुंदर युक्ती! इटलीच्या माकी सी. २०२ या लढाऊ विमानाचा डावा पंख तर उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर लांब ठेवला होता, म्हणजे त्या बाजूला उचल जास्त मिळून पीळ तोलला जाईल. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला मर्लिन इंजिनाऐवजी ग्रिफन इंजिन बसवलं तेव्हा पंखा उलट फिरू लागला, आणि उजवा पाय दाबायची सवय लागलेल्या वैमानिकांना डावा पाय दाबायला शिकावं लागलं.

आजच्या छोट्या विमानांत कारखान्यातच थोडी तजवीज असते. काहींचं इंजिन किंचित उजवीकडे वळवून बसवतात, काहींचा शेपटाचा उभा पंख जरा तिरका. ही तजवीज सरळ उड्डाणाच्या वेगाला जुळवलेली असते. उतरण्यासाठी इंजिन मंद केलं की ओढ जाते, तजवीज तशीच राहते, आणि नाक हळूच उजवीकडे सरकतं. तेव्हा वैमानिक उजवा पाय सैल सोडतो.