हिमोग्लोबिन उतरतं, रक्त मात्र वाढलेलं असतं

गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.५, आठव्यात ११.६, तेही लोहाच्या गोळ्या रोज घेऊन. घरात लगेच सुरू होतं, "रक्त कमी झालं." प्रत्यक्षात तेव्हा तिच्या अंगात दीड लिटरच्या आसपास रक्त वाढलेलं असतं.

याची सुरुवात रक्तवाहिन्यांपासून होते. पहिल्या काही आठवड्यांतच प्रोजेस्टेरॉन, रिलॅक्सिन ही संप्रेरकं आणि वाहिन्यांच्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड धमन्यांचे स्नायू सैल करतात. भांडं मोठं झालं, रक्त तेवढंच, दाब उतरतो. मूत्रपिंड हे रक्त कमी पडल्याचं लक्षण धरतं आणि रिनिन सोडतं. त्यातून अँजिओटेन्सिन, पुढे अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं तयार होतात, आणि लघवीवाटे जाणारं मीठ अडतं. मिठामागे पाणीही थांबतं. रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, असा ४०-५० टक्के वाढतो. हृदयाचे ठोके मिनिटाला १०-२० ने वाढतात आणि हृदय मिनिटाला ५ ऐवजी ७ लिटरपर्यंत रक्त फेकू लागतं.

तांबड्या पेशी मात्र इतक्या वेगानं वाढत नाहीत. हिशोब करू. आधी रक्त ४ लिटर: २.६ लिटर प्लाझ्मा, १.४ लिटर पेशी, हिमोग्लोबिन एकूण ५०० ग्रॅम. प्लाझ्मा ३.८ लिटर झाला. पुरेसं लोह मिळालं तर पेशी ३० टक्के वाढतात: ६५० ग्रॅम हिमोग्लोबिन, ५.६ लिटर रक्त, म्हणजे दर १०० मिलिलिटरला ११.६ ग्रॅम. लोह नसेल तर वाढ १८ टक्क्यांवरच थांबते आणि आकडा १०.८ वर येतो. पातळ रक्त वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, सहज वाहतं, म्हणून हा पातळपणा उपयोगाचाच आहे. उलट शेवटच्या महिन्यांत हिमोग्लोबिन १३ च्या वर राहिलं तर प्लाझ्मा नीट वाढला नाही, अशी शंका येते. रक्तदाब आणि बाळाची वाढ तेव्हा बारकाईनं बघावी लागते.

मग खरा पांडुरोग, म्हणजे ॲनिमिया, कसा ओळखायचा? हिमोग्लोबिन पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ च्या खाली, मधल्या तिमाहीत १०.५ च्या खाली. रिपोर्टमधला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, तोही बघा. पाणी वाढल्यानं पेशी लहान होत नाहीत. तो ८० च्या खाली गेला तर बहुधा लोह कमी आहे, क्वचित थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहकदोष.

सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही; दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाणी चालेल. शौच काळी होते, बाळ नाही. बाळ काळं होईल म्हणून गोळ्या खिडकीतून फेकल्या जातात, आणि बाळंतपणात अर्धा लिटर रक्त जातं तेव्हा हाताशी साठा नसतो.