निखाऱ्यावरची बीफ चिली

अंगणात, झाकणाच्या शेगडीत, निखाऱ्यांच्या मंद आचेवर चार ते सहा तास शिजवलेला बीफ आणि सुक्या लाल मिरच्यांचा दाट रस्सा. गोव्यात ‘बीफ चिली’ म्हटले की आधी तावेर्नातली (दारूच्या गुत्त्यातली) बशी डोळ्यांसमोर येते : अंडरकटच्या पातळ पट्ट्या, कांदा, हिरवी मिरची, व्हिनेगर, मोठा जाळ, सोबत पाव. ती चिली-फ्राय. हा पदार्थ तिच्या अगदी उलट. तिला कोवळा भाग लागतो, याला निबर. नावाच्या घोळात महागडे अंडरकट आणून ते चार तास शिजवले, तर हाती कोरडा चोथा येतो.

चिली मूळची टेक्सासची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सान अँटोनियोच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी उघड्या विस्तवावर तिची भांडी मांडून बसत. त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. १९७७ मध्ये टेक्सासने तिला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवले. म्हणजे अंगणातली चिली ही नवी टूम नव्हे. 

गोव्यात या पद्धतीला एक वेगळे कारण मिळते. १९७८ च्या कायद्याने येथे गोहत्येला बंदी आहे. बाजारात बीफ म्हणून येते ते बैलाचे किंवा म्हशीचे मांस, त्यातले बरेचसे बेळगावकडून. जनावर वयस्क असले की स्नायू राबलेले, चरबी बेताची. असे मांस घाईने शिजवले तर चामड्यासारखे चिवट होते. त्यातला कोलॅजन (स्नायूंना बांधून ठेवणारे प्रथिन) साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. रश्शाला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो तो त्यामुळे, पिठाने नव्हे. खांदा, छाती आणि पायाचा नळीजवळचा भाग यासाठी उत्तम.

निखारे शेगडीच्या एका बाजूला, भांडे दुसऱ्या बाजूला, शेगडीचे झाकण बंद. आतली हवा ११० ते १३० अंशांच्या दरम्यान राहावी. ती राखायची हवेच्या झडपांनी. कोळसा घालत राहून नव्हे. झाकण सारखे उघडून बघणाऱ्याची चिली तासभर उशिरा होते. भांड्यातला रस्सा मात्र उघडा ठेवायचा. धूर बसतो तो वरच्या थरावर, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने एकदा ढवळून तो थर आत मिसळावा. दुसऱ्या एका रीतीत मांसाचा अख्खा तुकडा भांड्याच्या वर जाळीवर ठेवतात. त्याचा रस खाली ठिबकतो आणि शेवटी तो तुकडाच पिंजून रश्शात घालतात. वास जास्त, खटाटोपही जास्त.

करवंटीचा कोळसा येथे चांगला चालतो. कोरड्या करवंट्या भडकून जळतात, त्या फक्त विस्तव पेटवायला. काजूबियांची टरफले मात्र चुकूनही टाकू नयेत : त्यांच्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, अन्नावर तर नकोच.

मसाल्याला गोव्यात फार शोधाशोध करावी लागत नाही. सुक्या मिरच्या, लसूण, जिरे, व्हिनेगरमध्ये वाटलेले : रेचाद मसाला ज्याने वाटला आहे, त्याला चिलीचे वाटण अर्धे येतेच. लवंग-दालचिनीचा हात तेवढा आखडता घ्यावा. रंगाला काश्मिरी मिरची. माडाच्या सुरेचे व्हिनेगर शेवटच्या तासात थोडेसे. आधी ओतले तर तासन्‌तासांच्या शिजण्यात त्याचा वास उडून जातो. नुसते लोखंडी भांडे आंबट रश्शाला वाईट, त्यात धातूची चव उतरते. मातीचे कुंडले उत्तम, पण ते जळत्या निखाऱ्यांवर सरळ ठेवून भरभर तापवू नये.

टेक्सासातले कट्टर लोक चिलीत कडधान्य सहन करत नाहीत. घालायचेच तर आपले हळसांदे (चवळीचा एक प्रकार) बरे. राजमा असेल तर तो भिजवून, पाणी टाकून, निदान दहा मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय घालू नये : कच्च्या राजम्यातले विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही. शिवाय आंबट रश्शात कच्चे कडधान्य मऊ होत नाही, ते वेगळे.

गोव्यातल्या बहुतेक हिंदू घरांत बीफ शिजत नाही. तेथे हीच कृती बकऱ्याच्या मांडीवर किंवा खांद्यावर करता येते आणि वेळ जवळपास निम्मा होतो. खाताना पोयी किंवा उंडो, हे गोव्याचे पाव. दुसऱ्या दिवशी चव मुरलेली असते. गार झाल्यावर वर साकळलेली चरबी काढून चिली पुन्हा तापवावी. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हा बेत बहुधा बारगळतो : ओलसर कोळसा धुमसतो, आणि धुमसत्या कोळशाचा धूर चिलीला कडू करतो. शेगडी पडवीच्या आत ओढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण बंदिस्त जागेत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.