गाडी भरकटणं आणि व्हील अलाइनमेंट

स्टेअरिंग सरळ धरलेलं असताना गाडी आपणहून कधी डावीकडे कधी उजवीकडे लाईन सोडते आणि ड्रायव्हरला सतत बारीक बारीक सावरत बसावं लागतं, त्याला गाडी भरकटणं म्हणतात. कोकणात मेस्त्री लोक "गाडी तरंगते" म्हणतात, मालवणी मुलखात "गाडी सरळ रवणा नाय" म्हणतात. बोलेरो, सुमो, जिप्सी, जुनी थार अशा लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेल्या उंच गाड्यांत ही तक्रार जास्त, कारण टायरची भिंत उंच, बुशिंगा (सांध्यांतली रबरी अस्तरं, यांनाच बुश म्हणतात) भरपूर, स्टेअरिंगपासून चाकापर्यंत सांधेही बरेच, आणि प्रत्येक सांध्यात थोडाथोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, साठला की तो शेवटी ड्रायव्हरच्या हातात येतो. त्यावरचा एक मोठा इलाज म्हणजे व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन त्या गाडीच्या कंपनीने दिलेल्या मापात आणणं. पण टायरच्या दुकानात अलाइनमेंट म्हणून जे होतं ते बऱ्याचदा नुसतं टो सेटिंग (चाकं आत-बाहेर किती वळलीत तेवढंच) असतं, आणि भरकटणाऱ्या एसयूव्हीचं दुखणं बऱ्याचदा टोमध्ये नसून कॅस्टरमध्ये (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या कलामध्ये) किंवा ढिल्या सांध्यात असतं, म्हणून पैसे देऊनही गाडी तशीच राहते.

आधी लक्षणं वेगळी करायला हवीत, सगळ्याला एकच नाव देऊन चालत नाही. गाडी कायम एकाच बाजूला जाते तेव्हा ती खेचते. असं असेल तर आधी हवा बघायची, मग पुढचे दोन टायर डावा-उजवा अदलाबदल करून बघायचे, खेचण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, मशीनवर चढवायची गरजच नाही. ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरतं ते बहुतेक बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करण्याचं काम. आणि बाजू ठरलेली नाही, सरळ रस्त्यावरही लाईन धरत नाही, ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने हलते, वळणावरून स्टेअरिंग आपोआप मधे येत नाही, हे खरं भरकटणं.

कोन तीन. टो म्हणजे वरून बघितल्यावर पुढची चाकं एकमेकांकडे किंचित वळलेली आहेत की बाहेर फाकलेली. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत चालताना रस्त्याचा विरोध पुढच्या चाकांना मागे ढकलतो, सगळे बुश जरा दबतात आणि चाकं बाहेर फाकू बघतात, म्हणून उभ्या गाडीत थोडं टो-इन ठेवतात. फाकलेली चाकं प्रत्येक खड्ड्याला वळायचं निमित्त शोधतात. १६ इंची रिमवर मोजलं तर १ मिलिमीटर टो म्हणजे साधारण ८ मिनिटांचा कोन, दिसायला काहीच नाही, पण एकूण टो ३ मिलिमीटरने चुकलेला असेल तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला साधारण पावणेचार मीटर आडवं घासतं, चिपळूण ते मुंबई अडीचशे किलोमीटर धरले तर नऊशे मीटरच्या वर. टायरवरून हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतं ते यामुळेच. कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कललेलं. तो चुकला की टायर एका कडेने खातो, आणि डाव्या-उजव्यात फरक असेल तर गाडी खेचते. भरकटण्यात त्याचा वाटा कमी असतो.

कॅस्टरकडे मात्र नीट बघायला हवं. बाजूने बघितलं तर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष वरच्या बाजूने मागे कललेला असतो, सायकलचा चिमटा कललेला असतो तसाच. तो अक्ष खाली वाढवला तर तो टायर जिथे टेकतो त्याच्या पुढे जमिनीला लागतो, म्हणजे टायर मागून ओढल्यासारखा येतो, आणि ओढलेली वस्तू आपोआप ओढणाऱ्याच्या रेषेत येते. स्टेअरिंग सोडल्यावर मधे परत येतं ते बऱ्याच अंशी याच्यामुळे. कोन किती ते गाडीप्रमाणे बदलतं, २ ते ४ अंशांच्या आसपास बऱ्याच गाड्यांत सापडतो. तो कमी झाला की स्टेअरिंग हलकं वाटतं, लोकांना सुरुवातीला आवडतंसुद्धा, आणि मग ऐंशीच्या वेगाला गाडी पाण्यावरच्या होडीसारखी वाटायला लागते. बरेच जण मशीनचा प्रिंटआउट घेतात, टोचा आकडा हिरवा दिसला की खूश होतात, कॅस्टरची ओळ वाचतच नाहीत.

कोकणात कॅस्टर बिघडायचं एक कारण हमखास सापडतं आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. हापूसच्या पेट्या वाशीला न्यायच्या, गणपतीला मुंबईहून सगळं घर सामानासकट आणायचं, नाहीतर चिरे वाहायचे, म्हणून मागे एकेक पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवून घेतात. माल भरलेला असेपर्यंत ठीक. सीझन संपला, गाडी रिकामी झाली, मागची बाजू उंच राहिली आणि अख्खी चॅसी पुढे झुकली, म्हणजे कॅस्टर तेवढा कमी झाला. हिशोब साधा आहे, चाकांमधलं अंतर साधारण पावणेतीन मीटर आणि मागून ५० मिलिमीटर उचललं तर जवळजवळ १ अंश गेला, आणि मुळात तीनच होता तर एक तृतीयांश गेला. मग जूनमध्ये मालक तक्रार घेऊन येतो की आंब्याच्या सीझनला गाडी चांगली होती, आता सरळ चालत नाही. उलट टोकाला, मागे प्रमाणाबाहेर वजन भरलं की कॅस्टर कागदावर वाढतो पण पुढच्या चाकांवरचं वजन उचललं जातं, त्यामुळे स्टेअरिंगला पकडच लागत नाही. म्हणून अलाइनमेंट नेहमीच्या वजनात करून घ्यावी, आणि वाढवलेला पाटा वर्षभर ठेवायचा असेल तर कॅस्टर त्या उंचीला नव्याने बसवून घ्यावा.

खारी हवा हा दुसरा शत्रू. गुहागर, हर्णै, तारकर्ली अशा किनाऱ्यावर राहणाऱ्या गाडीत टायरॉडचा (स्टेअरिंगपासून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) लॉकनट आणि आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट असे गंजून बसतात की जोर लावला तर आटेच सुटतात, त्यामुळे अलाइनमेंटच्या आदल्या रात्री तिथे गंज सोडवायचं तेल मारून ठेवणं शहाणपणाचं. गाडी थेट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, उतरवायची हौस असेल तर परत आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुणं आवश्यक आहे, फाटलेल्या रबरी बुटातून रेती बॉल जॉइंटमध्ये गेली की तो सांधा काही महिन्यांत खुळखुळा होतो. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणच्या पुरात शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाडीत इंजिनची काळजी सगळे घेतात, व्हील बेअरिंग आणि सांध्यांतलं ग्रीस मात्र गढूळ पाण्यासकट तसंच राहतं, आणि भरकटणं नंतर कधीतरी सुरू होतं.

तर कामाचा क्रम असा. हवा सगळ्या चाकांत मापाने, मग गाडी उचलून चाक वर-खाली आणि आडवं हलवून बघायचं, बॉल जॉइंट, टायरॉड एंड, बेअरिंग, लोअर आर्मचे बुश, मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट. सेंटर बोल्ट तुटला असेल तर मागचा अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, पुढे कितीही सेटिंग केलं तरी स्टेअरिंग वाकडंच राहतं. ढिला सांधा तसाच ठेवून अलाइनमेंट करणं म्हणजे उभ्या गाडीचं माप घेणं, चालत्या गाडीत ते माप टिकत नाही. इथे एक कळकळीची सूचना, जुन्या स्टेअरिंग बॉक्सचा प्ले घालवायला वरचा स्क्रू वाटेल तसा आवळू नये. प्ले गेल्यासारखा वाटतो, पण बॉक्स मधल्या जागी आवळतो, स्टेअरिंग परत फिरत नाही आणि गाडी आधीपेक्षा जास्त भरकटते. गावोगाव हे होताना दिसतं, घाटात ते धोक्याचं आहे.

मग मशीन. चाकं फिरत्या पाटांवर ठेवतात, डावीकडे उजवीकडे २० अंश वळवतात आणि त्या वळण्यात कॅम्बर किती बदलला त्यावरून कॅस्टर काढतात, म्हणून जो ऑपरेटर स्टेअरिंग असं दोन्हीकडे फिरवून घेत नाही त्याने कॅस्टर मोजलेलाच नाही हे ओळखावं. आधी मागचा अ‍ॅक्सल, मग कॅस्टर, मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण पहिले दोन हलवले की टो आपोआप बदलतो. कॅस्टर कुठे हलवायचा ते गाडीवर अवलंबून: काहींत वरच्या आर्मखालच्या शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या), काहींत कॅम बोल्ट, जिप्सीसारख्या पुढेही पाटे असलेल्या गाडीत पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर. क्रेटा, ब्रेझा अशा स्ट्रटवाल्या गाड्यांत कॅस्टरला सोयच नसते, तिथे आकडा चुकला तर काहीतरी वाकलंय असं समजायचं. बऱ्याच नवीन इलेक्ट्रिक स्टेअरिंगवाल्या गाड्यांत शेवटी स्टेअरिंगच्या सेन्सरचा शून्य स्कॅनरने बसवावा लागतो, नाहीतर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागू शकतो.

मशीन जवळ नसेल तर जुने मेस्त्री गवंड्याची दोरी मागच्या चाकापासून पुढे ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजतात. टोपुरती ही पद्धत चांगली आहे, कॅस्टर तिला कळत नाही.

चाचणी घ्यायची ती घाटात नको, कशेडी किंवा आंबा घाटात प्रत्येक वळणावर हात फिरतच असतो, काही कळत नाही. सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या पठारावरचा) सपाट सरळ रस्ता बघावा. पाऊस वाहून जावा म्हणून आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी निरोगी गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे उतरते. रस्ता मोकळा बघून थोडा वेळ मधोमध चालवावी, आणि तिथे स्टेअरिंगवर नुसतं बोट ठेवून गाडी लाईन धरत असेल तर काम झालं. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर लॉकनट एकदा परत आवळून घ्यावेत.