डॅकच्या आधी फाइल बघा: आपल्या खेड्यांत डिजिटल गाणं आलं कसं

हाय-फायचा नाद लागलेलं गावाकडचं कोणतंही पोरगं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, डॅक कोनतं घेऊ?" डॅक म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारा भाग. प्रश्न वाईट नाही पण अर्धा आहे, कारण गाणं अ‍ॅम्पपर्यंत (आवाज मोठा करणाऱ्या मशीनपर्यंत) कुठून येतं आणि येईस्तोवर त्याचं काय काय झालेलं असतं हे न बघता डॅकवर पाच-दहा हजार घातले तर हाती फार काही लागत नाही. माझं मत आधीच सांगतो, यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला इकडच्या खेड्यापाड्यांत खरा घोळ मशीनमध्ये तेवढा नव्हता जेवढा फाइलमध्ये होता, आणि अजूनही आहे. हे कसं झालं ते कळायला चाळीसेक वर्षं मागे जावं लागते.

सीडीचं गणित फिलिप्स आणि सोनीनं मिळून १९८० च्या सुमारास ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९८२ ला सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानात विक्रीला आला, किंमत १ लाख ६८ हजार येन. गणित असं की सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. हा ४४,१०० चा आकडा कुठून आला ती गोष्ट मला लय आवडते. एवढा डेटा ठेवायला तेव्हा हार्ड डिस्क कोणाला परवडत नव्हती म्हणून डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर रेकॉर्ड करायचे, आणि अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीत एका फील्डमधल्या (म्हणजे टीव्हीच्या अर्ध्या चित्रातल्या) कामाच्या २४५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड आणि एका रेषेत ३ मोजमापं असा गुणाकार केला की बरोब्बर ४४,१०० येतो, आणि आपल्याकडं जी पाल पद्धत होती तिच्यात २९४ गुणिले ५० गुणिले ३ केलं तरी उत्तर तेच. म्हणजे टीव्हीच्या रेषांवरून ठरलेला आकडा आज आपल्या मोबाइलमधल्या फाइलीतपण तसाच बसलेला आहे. आणि तो पुरतो, कारण माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत (सेकंदाला तेवढी कंपनं) ऐकू येतं आणि नायक्विस्ट-शॅननचा नियम सांगतो की दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजलं तर त्या मर्यादेतला आवाज पूर्ण परत उभा करता येतो. यात गूढ काहीच नाही.

सुरुवातीच्या प्लेअरमध्ये सगळं एकाच डब्यात होतं, तबकडी वाचणारा लेसर, मोजमापांना ठोका देणारं घड्याळ आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग म्हणजे डॅक. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरांत तर १६ बिटांची नाही, १४ बिटांचीच चिप होती, पण चौपट ओव्हरसॅम्पलिंग (मूळ मोजमापांच्या मधे गणितानं आणखी मोजमापं भरणं) लावून त्यांनी ती कमी भरून काढली आणि ते प्लेअर आजही लोक जपून ठेवतात. मंग १९८५ च्या आसपास डबे वेगळे व्हायला लागले, एकात फक्त तबकडी वाचणं, त्याला ट्रान्सपोर्ट म्हणतात, आणि दुसऱ्यात डॅक. दोघांना जोडणारी वायर एसपीडीआयएफ, हे नावही सोनी आणि फिलिप्स यांच्यावरूनच पडलं, ती तांब्याची असेल तर कोअ‍ॅक्शियल आणि काचेसारख्या धाग्यातून लाल उजेड जात असेल तर ऑप्टिकल. डॅक हा वेगळा विकत घ्यायचा डबा आहे ही कल्पना इथून सुरू झाली, आणि जिटरची, म्हणजे घड्याळाचे ठोके थोडे पुढंमागं पडण्याची, भीतीही इथूनच, कारण त्या एकाच वायरीतून डेटापण जातो आणि घड्याळाचे ठोकेपण, आणि पलीकडच्या डॅकला ते ठोके त्यातून वेचून काढावे लागतात. पुढं यूएसबी आलं आणि असिंक्रोनस पद्धत आली, तिच्यात घड्याळ डॅकच्याच ताब्यात असतं आणि कॉम्प्युटर फक्त डॅक मागेल तसा डेटा पुरवतो, तेव्हापासून हा प्रश्न बराचसा मिटला. आज दोन-तीन हजाराच्या नीट बनवलेल्या डॅकमध्येपण जिटर कानाला लागेल इतका नसतो असं माझं ठाम मत आहे. सीडीपेक्षा वरच्या दर्जाची म्हणून एसएसीडी ही तबकडी १९९९ ला आली, तिच्या मागोमाग डीव्हीडी-ऑडिओ, आता २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या फाइली मिळतात, रेकॉर्डिंग करताना त्यांचा उपयोग नक्की आहे पण घरी ऐकायला त्यामागं पळायची गरज मला वाटत नाही.

आता आपल्याकडं या. खेड्यात ऑडिओ सीडी कधी नीट आलीच नाही राजेहो. नागपूर-अमरावतीच्या दुकानांत असायच्या पण गावात राज्य कॅसेटचं होतं, भजनाच्या, भीमगीतांच्या, लावणीच्या, पिक्चरच्या, आणि त्याच्यासोबत विविध भारती, जी १९५७ पासून चालू आहे. कॅसेटनंतर सरळ आली व्हीसीडी, घरोघरी सिनेमा बघायला घेतलेला प्लेअर, ज्याला सगळे सीडी प्लेअरच म्हणायचे. व्हीसीडीतला आवाज सीडीचा नसतो, तो एमपी-टू नावाच्या पद्धतीनं सेकंदाला २२४ किलोबिटांत दाबलेला असतो, तर सीडीचा असतो १,४११ किलोबिट. म्हणजे आपल्या बहुतेक लोकांनी डिजिटल आवाज पहिल्यांदा ऐकला तोच दाबलेला.

आणि मंग आलं एमपी-थ्री. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सोबतच्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं, मानक ठरलं १९९२ मध्ये आणि फाइलीला .एमपी३ हे शेपूट लावायचं ठरलं जुलै १९९५ मध्ये. कल्पना खरंच बुद्धीची आहे, मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही तो लिहायचाच नाही, मंग १२८ किलोबिटांत गाणं बसतं, सीडीच्या अकराव्या हिश्श्यात. पाच मिनिटांचं गाणं सीडीवर ५३ एमबी घेतं, इथं पाच एमबीच्याही आत. म्हणून तर एका तबकडीत दीडशे गाणी असलेल्या एमपी-थ्री सीड्या बाजाराच्या दिवशी खाली पाल टाकून विकायला बसायचे आणि लोक टोपलीतून निवडून न्यायचे.

पण या पद्धतीची एक दुखती नस आहे आणि ती नेमकी आपल्या संगीतात येते. एमपी-थ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात काय ठेवायचं ते ठरवतं, आणि एखादा ठोका अचानक पडला की त्याची चूक पूर्ण तुकड्यात पसरते, ठोक्याच्या आधीसुद्धा, याला प्री-एको म्हणतात. युरोपात ही चूक पकडायला कॅस्टानेट्स नावाच्या लाकडी टाळ्यांचं रेकॉर्डिंग वापरतात. आपल्याकडं बघा, चिपळ्या, टाळ, झांज आणि खंजिरी! राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी गुरुकुंज मोझरीला भजनात समोर बसून ऐकली असेल (महाराज १९६८ ला गेले, पण ती परंपरा तिथं चालू आहे), त्यांना माहीत आहे की त्या चकत्यांचा आवाज कसा धारदार, सुटा सुटा येतो. तोच आवाज १२८ च्या किंवा ६४ च्या फाइलीत ऐकला की सगळ्या चकत्या एकमेकांत चिकटून नुसतं छिस्-छिस् होते. डॅक बदलून ते सुटं होत नाही, कारण जे फाइलीत लिहिलेलंच नाही ते कोणतंच मशीन परत आणू शकत नाही.

या सगळ्या इतिहासातला आपला सगळ्यात मोठा अध्याय म्हणजे मेमरी कार्ड. तालुक्याच्या गावात बसस्टँडजवळ मोबाइल रिचार्जचं दुकान, आत एक कॉम्प्युटर, आणि बाहेर पाटी, "गाणे भरून मिळतील". दहा-वीस रुपये द्यायचे, कार्ड द्यायचं, तो फोल्डरच्या फोल्डर टाकून द्यायचा, जुने हिंदी, गोंडी, भीमगीते, डीजे, लग्नाचे, भजन. लोकांनी त्याच्यावर जीव टाकला आणि बरोबरच आहे, शेतात फवारणी करताना, ट्रॅक्टरवर, कापूस वेचताना गाणं सोबत आलं ते या दुकानांमुळं. पण कार्ड २ जीबीचं, गाणी शंभराच्या पटीत पायजे, मंग फाइली जेवढ्या लहान तेवढ्या बऱ्या, आणि कोणी नेटवरून काढलेली, कोणी व्हीसीडीवरून, कोणी त्या परत दाबून आणखी लहान केलेल्या, अशा एका कार्डावरून दुसऱ्यावर, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात फिरत राहिल्या. त्याच फाइली आजही आपल्या पेनड्राइव्हवर आहेत. नाव बघितलं तर ३२० लिहिलेलं असतं, पण ६४ ची फाइल ३२० मध्ये परत सेव्ह केली म्हणून आत नवीन काही येत नाही, फक्त फाइल फुगते. हे तपासायला स्पेक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात फाइल टाकली की आवाजाचं चित्र दिसतं, आणि १६ हजार हर्ट्झच्या वर सरळ रेषेत कापल्यासारखं काळं दिसलं तर फाइल कधीतरी दाबलेली आहे असं बहुतेक वेळा समजावं, फक्त जुन्या रेकॉर्डिंगच्या बाबतीत सांभाळून, कारण मुळातच तिथं वर काही नसू शकतं.

ते कार्ड वाजत होतं कशावर? तर गावातल्या रेडिओ मेकॅनिकनं बनवलेल्या असेंबल अ‍ॅम्पवर. ४४४० ची आयसी (चिप), म्हणजे सान्योची एलए४४४०, मूळ कारच्या टेपसाठी बनलेली, दोन्ही बाजूला ६-६ वॉट, आणि तिच्यासमोर यूएसबी-कार्ड-ब्लूटूथचं तयार किट, निळ्या आकड्यांचं. या मेकॅनिक लोकांबद्दल मला खरंच आदर आहे, त्यांच्यामुळं गावात स्टीरिओ आला. मात्र किटला आणि अ‍ॅम्पला एकाच ट्रान्सफॉर्मरवरून वीज दिली की गाण्याच्या मागं बारीक कुरकुर येते, किटला वेगळा पुरवठा दिला की बरीच जाते, एवढं करून घ्याच.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि दोन वर्षांत कार्ड भरणारी दुकानं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासवर आली. गाणं आता यूट्यूबवर. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, जून २०२१ पासून अ‍ॅपल म्युझिक जास्तीचे पैसे न घेता लॉसलेस द्यायला लागलं, म्हणजे सीडीचा पूर्ण दर्जा, आणि ज्यांच्या घरी नेट नीट आहे त्यांच्यासाठी हा मार्ग खरोखर चांगला आहे. पण संध्याकाळी टॉवरवर लोड आला की अ‍ॅप आपोआप दर्जा खाली आणतं आणि सांगतही नाही, आणि वरून फोन ते अ‍ॅम्प ब्लूटूथ असेल तर एसबीसी कोडेक (ब्लूटूथची आवाज दाबायची पद्धत) फार तर ३२८ किलोबिट देतं, म्हणजे आधी दाबलेलं परत दाबलं जातं. फोन वायरीनं यूएसबी डॅकला जोडला तर निदान हे दुसरं दाबणं टळतं. २०१७ ला सारेगामा या गाण्यांच्या कंपनीनं कारवां नावाचा रेडिओसारखा डबा काढला, आत ५,००० गाणी भरलेली, नेट नको काही नको, आणि वडीलधाऱ्या माणसांनी तो डोक्यावर घेतला, त्यावरून समजावं की गाणं घरात असणं लोकांना किती महत्त्वाचं वाटतं.

म्हणून माझा कल घरातल्या फाइलीकडं आहे. २००१ मध्ये जॉश कोअल्सननं फ्लॅक हा फाइलीचा प्रकार काढला, ते फुकट आहे आणि त्यात एक बिटही न गमावता सीडी साधारण अर्ध्या ते साठ टक्के जागेत बसते. जुन्या सीड्या विकत घ्या, वसंतराव देशपांडेंच्या सापडतात (आपल्या मूर्तिजापूरचे, १९२०चा जन्म), कॉम्प्युटरवर ईएसी या सीडी उतरवायच्या प्रोग्रॅमनं काळजीपूर्वक उतरवा, हार्ड डिस्कवर ठेवा. वाजवायला आधी घरातला माळ्यावर पडलेला डीव्हीडी प्लेअर खाली काढा, त्याच्या मागं बहुतेक वेळा कोअ‍ॅक्शियलचं भोक असतं, तिथून डॅकला वायर गेली की सीडीसाठी ट्रान्सपोर्ट तयार, फक्त काही प्लेअर ४४.१ किलोहर्ट्झचं ४८ करून पाठवतात तेवढं सेटिंगमध्ये बघा. त्याच्या पुढचं पाऊल रास्पबेरी पाय, फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याला डिस्क आणि यूएसबी डॅक जोडायचा आणि मोबाइलवरून चालवायचा. त्याच्या स्वतःच्या हेडफोनच्या भोकातून मात्र ऐकू नका, तिथला आवाज साधा आहे.

यात आपल्या विजेचं बघावंच लागते. मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, लोडशेडिंग न सांगता होते, आणि रास्पबेरी पाय चालू असताना वीज गेली की त्यातलं कार्ड खराब होऊ शकतं. त्याकरता पिकोअरप्लेअर हा प्रोग्रॅम बरा, तो पूर्ण मेमरीत चढून चालतो आणि कार्डावर सारखं लिहीत बसत नाही, त्यामुळं अचानक बंद झाला तरी सहसा काही होत नाही. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा डबा टीव्हीच्या मागं कोंबू नका, उष्णतेनं कपॅसिटरचं आयुष्य झपाट्यानं घटतं. आणि डिस्कची एक कॉपी कोणत्याच वायरीला न जोडता कपाटात ठेवा, मृगाच्या तोंडावर आपल्याकडं विजा पडतात तेव्हा प्लगला लावलेलं काहीच भरवशाचं नसतं.