साहेबांचा आवाज चढतो तेव्हा शरीरात काय होतं?

संध्याकाळचे साडेपाच. मोबाइलवर साहेबांचा मेसेज येतो, "जरा केबिनमध्ये ये." बाकी काहीच नाही. खुर्चीतून उठायच्या आतच पोटात गोळा येतो, तळहात ओले होतात, घशाला कोरड पडते. कदाचित त्यांना साधी एखादी फाइल हवी असेल. पण गेल्या वेळी सगळ्यांसमोर झालेला पाणउतारा शरीर विसरलेलं नसतं.

अशा माणसाला घरचे, मित्र सगळे हेच सांगतात, "मनाला लावून घेऊ नकोस." सांगण्यात माया असते, पण लावून घेणं-न घेणं फारसं आपल्या हातात नसतंच. धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून निघालेला निरोप पिट्यूटरीमार्गे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतो आणि कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. ते सर्वांत जास्त कशानं उसळतं? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली २०८ प्रयोग एकत्र तपासले. समोरचा आपल्याला जोखतोय आणि काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी जुळून आल्या की कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढत होतं आणि खाली यायलाही जास्त वेळ घेत होतं. छळणाऱ्या बॉसच्या केबिनमध्ये या दोन्ही गोष्टी रोज हजर असतात.

कडक बॉस वेगळा, हे आधीच सांगायला हवं. चूक दाखवणारा, कामात तडजोड न करणारा वरिष्ठ त्रासदायक वाटेल, पण तो छळ नव्हे. व्यवस्थापनाचे संशोधक बेनेट टेपर यांनी २००० साली वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाच्या अभ्यासाचा पाया घातला, तेव्हा त्यांनी 'सातत्य' महत्त्वाचं मानलं: टोमणे, अपमान, मुद्दाम दुर्लक्ष, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटणं, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा.

"बोलतो खरा, पण काम करून घेतो," असं अशा बॉसबद्दल म्हटलं जातं. मला हे समर्थन सर्वांत घातक वाटतं. इस्रायलमधला २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. नवजात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-परिचारिकांच्या २४ गटांना सरावासाठी प्रकृती ढासळत चाललेल्या बाळाचा प्रसंग दिला होता. काही गटांना परदेशी तज्ज्ञानं मध्येच कुचकट शेरे ऐकवले. ते त्या गटाच्या कामाबद्दल नव्हतेच, तिथल्या एकूण वैद्यकीय दर्जाबद्दल होते. तेवढ्यानंही त्या गटांचं निदान चुकू लागलं, हात चुकू लागले. मुख्य म्हणजे त्यांनी एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी केलं. एका अनोळखी माणसाच्या दोन वाक्यांनी एवढं होत असेल, तर वर्षानुवर्षं धारेवर धरलेल्या टीममध्ये किती चुका दडपल्या जात असतील?

लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल २' हा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. आपल्या कामावर आपलं नियंत्रण कमी, असं सांगणाऱ्यांमध्ये पुढे हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. मला यातच वाट दिसते. बॉसचा स्वभाव आपल्याला बदलता येत नाही, पण हातातून निसटलेलं नियंत्रण थोडंथोडं परत घेता येतं.

तोंडी सूचना मिळाली की जागेवर येऊन लगेच दोन ओळींचा मेल टाकायचा: "आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक काम शुक्रवारपर्यंत देतो." अपमान झाला तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं, हे स्वतःच्या वहीत लिहायचं. उद्या तक्रार करायची वेळ आली तर ही वही लागते. तोवर तिचा आणखी एक उपयोग होतो: 'माझंच काही चुकतंय का' या शंकेला लेखी उत्तर मिळतं.

आणि एकटं राहायचं नाही. २०१७ च्या एका संशोधनात, ज्यांनी सहकाऱ्यांशी एकजूट केली किंवा बॉसला गरज पडेल असं कौशल्य कमावलं, त्यांचा छळ कमी झाल्याचं दिसलं. मान खाली घालून टाळत राहणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही.

सगळीकडे हे जमेलच असं नाही. झोप उडाली असेल, रविवारी दुपारपासूनच छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांना भेटा आणि दुसरी नोकरी शोधायला लागा. त्याला पळ काढणं म्हणणाऱ्यांना तो साडेपाचचा मेसेज येत नसतो.