मिडवे: ‘पाच मिनिटं’ कमी पडली नव्हती

४ जून १९४२ ला, पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईत, जपानी विमानवाहू जहाजांच्या डेकवर हल्ल्याची विमानं उड्डाणाला सज्ज होती, अमेरिकी बॉम्बहल्ल्याआधी फक्त पाच मिनिटं कमी पडली, हे जपानी नौदलाचे वैमानिक मित्सुओ फुचिदांचं म्हणणं खरं नाही. १०.२०च्या सुमारास ती बहुतेक विमानं बंदिस्त हँगरमध्येच होती, इंधन आणि टॉर्पेडोंसह. वर आणून मांडायलाच पाऊण तास लागायचा. त्यात ताफ्याचं रक्षण करणाऱ्या ‘झिरो’ लढाऊ विमानांच्या प्रत्येक तोफेत जेमतेम ६० गोळे. ते संपले की विमान उतरायचं, डेक पुन्हा अडायचा. भरलेली विमानं अशी हँगरमध्येच अडकली, म्हणून तर ‘अकागी’ या विमानवाहू जहाजाला एकच थेट बॉम्ब पुरला.

या लढाईवरच्या खेळात, म्हणजे वॉरगेममध्ये, जपानकडून खेळताना भरलेली विमानं हँगरमध्ये कधीच ताटकळत ठेवू नका. शत्रूची जहाजं दिसली की तयार असतील तेवढी लगेच पाठवा, तुकडी अर्धवट असली तरी.